तक्क्या आणि चावडी : चळवळीच्या आतल्या आणि बाहेरच्या बोलण्याचा इतिहास

दलित चळवळीचा इतिहास आपण परिषदांचा, मोर्चांचा आणि सत्याग्रहांचा इतिहास म्हणून लिहीत आलो. परिषदेच्या आदल्या रात्री कंदिलाच्या उजेडात काय बोलणे झाले, आत कोण बसले, बाहेर कोण राहिले, आतला निर्णय बाहेर कोणी आणि कोणत्या शब्दांत सांगितला, याचा इतिहास मात्र फारसा लिहिला गेला नाही. तो लिहिण्याची गरज आज अधिक आहे. प्रत्येक कार्यकर्त्याच्या खिशात आज फोन आहे. तालुक्याचा ग्रुप, जिल्ह्याचा ग्रुप, वसतिगृहाचा ग्रुप, महिला आघाडीचा ग्रुप आणि या सगळ्यांच्या पोटात पाचसात जणांचा एक वेगळा ग्रुप. कोणती गोष्ट कुठे बोलायची, हा प्रश्न त्याला दिवसातून दहा वेळा पडतो. एखाद्या मुलीची तक्रार चारशे जणांच्या ग्रुपवर पडते आणि संध्याकाळपर्यंत तिचा फोटो ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याच हातात असतो. उलट, एखाद्या पक्षाशी झालेली तडजोड पाच जणांच्या ग्रुपमध्ये ठरते आणि गावोगाव पोस्टर चिकटवणाऱ्या पोरांना ती वर्तमानपत्रातून कळते. या दोन्ही गोष्टी आपल्या चळवळीत घडतात, आणि दोन्हींमुळे माणसे तुटतात.

हा प्रश्न फोनने निर्माण केला, असे समजण्याचे कारण नाही. तो चळवळीइतकाच, किंबहुना गावगाड्याइतका जुना आहे.

१

गावाची चावडी ही गावाची उघडी जागा. तिथे न्याय व्हायचा, सारा भरला जायचा, सरकारी हुकूम वाचला जायचा. वेसकर आणि तराळ म्हणून महाराने चावडीचा सांगावा घरोघर पोचवायचा, पण चावडीत बसायचे नाही. पायरीखाली उभे राहायचे. सगळ्या गावासाठी उघडी असलेली जागा त्याला बंद होती. पाणवठा तसाच, देऊळ तसेच.

महारवाड्याचा तक्क्या ही त्याची स्वतःची जागा. पाहुणा तिथे उतरायचा, जातपंचायत तिथे बसायची, रात्री भजन आणि जलसा तिथेच व्हायचा. पण तक्क्याला खरा दरवाजा कधी नव्हता. पाटलाचा माणूस केव्हाही हाक मारत यायचा आणि बोलणे थांबायचे. गावाला महारवाड्यातले सगळे दिसत होते. महारवाड्याला चावडीतले काही दिसत नव्हते. जातिव्यवस्थेने आपले दोन हक्क एकाच वेळी हिरावून घेतले : चारचौघांत उभे राहून बोलण्याचा आणि चारचौघांपासून आडोशाला बसून विचार करण्याचा. सार्वजनिकता आणि खासगीपणा या दोन्ही गोष्टी सवर्ण माणसाला जन्माबरोबर मिळतात. आपल्याला दोन्ही लढून मिळवाव्या लागल्या आहेत. म्हणून यांपैकी एक महत्त्वाची आणि दुसरी बिनमहत्त्वाची, असे म्हणण्याची चैन आपल्याला परवडणारी नाही.

जोतीराव फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला, तेव्हा त्याच्या कामाचा वृत्तांत छापण्याची पद्धत त्यांनी पाडली. १८७६ची वार्षिक समारंभाची हकीकत आणि १८७७चा रिपोर्ट आज त्यांच्या समग्र वाङ्मयात वाचायला मिळतात. भटजीशिवाय लग्न लावणाऱ्या, बहिष्काराच्या छायेत वावरणाऱ्या माणसांची ही संघटना होती. तिला लपूनछपून काम करण्याची सबब सहज देता आली असती. तिने आपले काम छापून लोकांपुढे ठेवले.

२

महाडचा १९२७चा लढा आपल्याला पाठ आहे असे आपण समजतो. या प्रश्नाच्या अंगाने तो पुन्हा वाचण्यासारखा आहे.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळाने बोले ठराव संमत केला. महाड नगरपालिकेने १९२४मध्ये चवदार तळे अस्पृश्यांना खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे उघडे झाले, प्रत्यक्षात बंदच राहिले. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. रामचंद्र बाबाजी मोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यासाठी गावोगाव पायपीट केली होती. धनंजय कीर यांच्या चरित्रातील हकिगतीप्रमाणे, पहिल्या दिवशी रात्री विषयनियामक समितीच्या बैठकीत तळ्यावर जाण्याचा विचार ठरला, आणि त्यापूर्वी तिथे हजर असलेल्या सवर्ण मंडळींचा कल आजमावला गेला. दुसऱ्या दिवशी परिषद संपता संपता अनंतराव चित्रे यांनी उभे राहून ती गोष्ट भर सभेत मांडली आणि सगळी परिषद तळ्याकडे निघाली.

आत थोडी माणसे, रात्री, बारीकसारीक विचार; बाहेर सगळी माणसे, दिवसाढवळ्या, एक स्पष्ट प्रस्ताव. रात्रीच्या बैठकीशिवाय ती कृती शिस्तीत झाली नसती. आणि दिवसाच्या सभेशिवाय ती लोकांची झाली नसती. चार पुढाऱ्यांचीच राहिली असती.

पुढे दोनएक तासांत जे घडले तेही लक्षात ठेवले पाहिजे. अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी अफवा गावात उठली. देवळात जाण्याचे कोणी ठरवलेच नव्हते. पण अफवेला ठराव लागत नाही. लाठ्या घेऊन जमाव आला आणि जेवत बसलेल्या, परतीच्या वाटेला लागलेल्या प्रतिनिधींना झोडपले गेले. या मारहाणीची आणि तळ्यावरच्या कृतीची हकिगत आपल्या शब्दांत सांगायला स्वतःचे पत्र नव्हते. ‘मूकनायक’ बंद पडून काही वर्षे लोटली होती. अवघ्या दोन आठवड्यांनी, ३ एप्रिल १९२७ रोजी ‘बहिष्कृत भारत’ निघाले. अफवेला उत्तर म्हणून चळवळीने स्वतःचे उघडे पान निर्माण केले.

३

त्याच वर्षी डिसेंबरात या शिस्तीची खरी कसोटी लागली. नगरपालिकेने ४ ऑगस्ट १९२७ रोजी आपला ठराव फिरवला. परिषदेसाठी जागा द्यायला कोणी सवर्ण हिंदू तयार होईना. फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जागा दिली. दरम्यान सनातन्यांनी न्यायालयातून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. २५ डिसेंबरला परिषद सुरू झाली, त्या रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. सत्याग्रहासाठी लोकांनी नावे नोंदवली. कीरांनी ३८८४ हा आकडा दिला आहे. लोकांचा कल तळ्यावर जाण्याचा होता.

मनाई हुकूम मोडायचा की नाही, हा प्रश्न पुढाऱ्यांना आपसात मिटवता आला असता. बाबासाहेबांचा शब्द प्रमाण मानणारी ती माणसे होती. तरीही हा विषय परिषदेत चर्चेला आला. बाजूने बोलणारे बोलले, विरुद्ध बोलणारे बोलले. कलेक्टरलाही परिषदेपुढे बोलू दिले गेले. शेवटी २७ डिसेंबरला बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब करण्याची भूमिका मांडली. आपला झगडा सरकारशी नसून सवर्णांशी आहे, दोन आघाड्या एकदम उघडणे शहाणपणाचे नाही, हे कारण त्यांनी सर्वांपुढे सांगितले. लोक नाराज होते. त्यांनी तळ्याभोवती मिरवणूक काढली, पाण्याला हात न लावता ते परतले. पुढे दावा चालत राहिला आणि १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयात आपल्या बाजूने निकाल लागला.

लढाईला आलेल्या माणसाला ‘आज नाही’ हे सांगणे फार अवघड असते. ते त्याच्या तोंडावर, कारणासह सांगितले म्हणून चळवळ फुटली नाही. हाच निर्णय रात्रीतून झाला असता आणि सकाळी मांडव रिकामा दिसला असता, तर त्या माणसाने पुन्हा घर सोडले असते काय?

पण इथेच एक दुसरी बाजू आहे. ज्यांनी नावे नोंदवली ते गावकीच्या वतनावर आणि सवर्णांच्या शेतावर जगणारे लोक होते. गावाच्या बहिष्काराने अस्पृश्यांची कशी कोंडी केली जाते, हे पुढे मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीने आपल्या १९३०च्या अहवालात नोंदवले. बाबासाहेब त्या समितीचे सभासद होते. म्हणजे निर्णय उघड असला तरी नावांची यादी ही जपण्याची गोष्ट होती. निर्णयाला उजेड लागतो आणि माणसाला आडोसा लागतो. महाडची ही शिकवण मी या लेखाचा गाभा मानतो.

२७ डिसेंबरलाच बाबासाहेबांनी स्त्रियांसमोर वेगळे भाषण केले. मोठ्या मांडवात पुरुषांच्या गर्दीत ज्या बायका बोलू शकत नव्हत्या, त्यांच्यासाठी ही निराळी बैठक होती. त्यांतल्या अनेकींनी लुगडे नेसण्याची पद्धत लगोलग बदलली. वेगळ्या बैठकीतून सुरू झालेली वाट पुढे २० जुलै १९४२ रोजी नागपूरला अखिल भारतीय दलित महिला परिषदेच्या व्यासपीठापर्यंत गेली. सुलोचनाबाई डोंगरे तिच्या अध्यक्षा होत्या. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ या पुस्तकासाठी या स्त्रियांना शोधून बोलते केले नसते, तर हा इतिहासही आतल्या खोलीतच विझला असता. वेगळी खोली ही दुबळ्याची गरज असते. पण तिचे एक दार सभामंडपाकडे उघडले पाहिजे.

४

आतला विचार बाहेर यायला किती काळ लागावा? याचेही एक उदाहरण आपल्या इतिहासात आहे. नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला. ३ मार्च १९३४ रोजी बाबासाहेबांनी भाऊराव गायकवाड यांना पत्र लिहिले. मंदिरप्रवेशाचा लढा मूर्तिपूजक होण्यासाठी नव्हता, समाजात जाग आणण्यासाठी होता. ते काम झाले, आता शक्ती शिक्षणाकडे आणि राजकारणाकडे वळवावी, असा त्याचा आशय होता. एका कार्यकर्त्याने सल्ला विचारला, नेत्याने मन मोकळे केले. अजून पक्के न झालेले विचार बोलून पाहण्यासाठी अशी खासगी जागा लागते. जी चळवळ प्रत्येक कच्चा विचार चव्हाट्यावर मांडते, तिथे माणसे विचार करणेच सोडून देतात.

पण पत्रातला विचार पत्रात राहिला नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास धर्मांतराची घोषणा झाली आणि मंदिर सत्याग्रह थांबवण्याचेही ठरले. ३० आणि ३१ मे १९३६ रोजी मुंबई इलाखा महार परिषद भरवून धर्मांतराचा प्रश्न कारणमीमांसेसह लोकांपुढे ठेवला गेला. प्रत्यक्ष दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ची. घोषणा आणि कृती यांत एकवीस वर्षे गेली, आणि या एकवीस वर्षांत समाजाने हा विषय तक्क्यात, चाळीत, गिरणीच्या खात्यात बोलून बोलून स्वतःचा केला. म्हणूनच नागपूरला जे झाले ते लाखोंचे झाले.

बाबासाहेबांनंतर हा तोल ढासळला. रिपब्लिकन पक्षाची स्थापना ३ ऑक्टोबर १९५७ची. पुढच्या दोनतीन वर्षांतच ‘दुरुस्त’ आणि ‘नादुरुस्त’ असे गट पडले. तडजोडी बंद दाराआड होऊ लागल्या आणि भांडणे चव्हाट्यावर येऊ लागली. जे उघड असायला हवे ते झाकले गेले, जे आत बोलायला हवे ते बाहेर पडले.

दलित पँथर १९७२मध्ये या कोंडीच्या विरोधात उभी राहिली. तिची उघडी भाषा ही तिची ताकद होती. गावागावांत आणि झोपडपट्ट्यांत उभ्या राहिलेल्या छावण्या सभासदनोंदणीची वाट पाहत बसल्या नाहीत. पण आत बसून बोलण्याची पक्की जागा पँथरने कधी बांधली नाही. १९७३चा जाहीरनामा हा संघटनेचा की एका गटाचा, यावर नेत्यांत वाद पेटला. मार्क्स की बुद्ध, हा प्रश्न खोलवरचा होता. महिनोन्‌महिने शिबिरे घेऊन तो बोलायला हवा होता. तो लेखांतून आणि निवेदनांतून एकमेकांवर फेकला गेला आणि १९७४मध्ये फूट पडली. जानेवारी १९७४च्या वरळीच्या दंगलीत मार खाल्लेल्या, मोर्चात भागवत जाधव यांचा बळी गेलेला पाहिलेल्या पोरांना आपल्या नेत्यांचे मतभेद असे समजले. ७ मार्च १९७७ रोजी राजा ढाले आणि ज. वि. पवार यांनी पँथर बरखास्त केल्याचे जाहीर केले. ज्यांना हे मान्य नव्हते त्यांनी भारतीय दलित पँथर उभारली. बरखास्तीच्या बाजूने कारणे असतीलही. पण ज्या छावणीने आपल्या गावात पाटी लावली होती, तिला कोणी विचारले काय, हा सवाल शिल्लक राहतो.

५

आता आजच्या काळाकडे येऊ. सप्टेंबर २००६मध्ये खैरलांजी घडली, तेव्हा प्रस्थापित वृत्तपत्रांनी कित्येक दिवस तिची योग्य दखल घेतली नाही. बातमी पोचवली ती कार्यकर्त्यांच्या सत्यशोधन पथकांनी, हस्तपत्रकांनी, मोबाइलवरच्या संदेशांनी आणि ई-मेलनी. लोक रस्त्यावर आले, तेव्हा सरकारी गोटातून नक्षलवाद्यांच्या हाताची भाषा झाली. आपण आपसात बोललो की तो कट ठरतो आणि उघड बोललो की ती चिथावणी ठरते, हा अनुभव तेव्हापासून आणखी घट्ट झाला.

फोन हा आपला तक्क्या झाला, पण त्यालाही दरवाजा नाही. मे २०१५मध्ये शिर्डीत एका दलित तरुणाचा खून झाला. त्याच्या फोनवर बाबासाहेबांवरचे गाणे वाजले, एवढे निमित्त पुरले. खिशातली वस्तू क्षणात चावडीवर आली. ऑक्टोबर २०१९मध्ये व्हॉट्सॲप कंपनीने पेगासस या हेरगिरीच्या साधनाने जगभरात सुमारे १४०० जणांचे फोन लक्ष्य केल्याचे उघड केले. त्यांत भीमा कोरेगाव खटल्याशी संबंधित भारतीय कार्यकर्ते आणि वकीलही होते. फेब्रुवारी २०२१मध्ये अमेरिकेतील एका डिजिटल तज्ज्ञ संस्थेने त्याच खटल्यातील एका आरोपीच्या संगणकात बाहेरून फायली घुसवल्या गेल्याचा अहवाल दिला. तपास यंत्रणेने तो मान्य केला नाही. वाद काहीही असो, कुलूप लावले की आपण सुरक्षित झालो, हा भ्रम आता कोणी बाळगू नये. पाटलाचा माणूस आता हाक न मारता आत येतो.

आणि वीरेश्वराची अफवा? तीही मेलेली नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण मुले पळवणारे समजून जमावाने ठेचून मारले. फोनवर फिरणाऱ्या संदेशांनी ही भीती पेरली होती. मरणारे भटके होते, दारोदार भिक्षा मागून जगणारे. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. मर्यादा यंत्राला घातली; माणसाच्या बोटाला ती स्वतःच घालावी लागते.

२०२१मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने असे म्हटले, की सभासदाने टाकलेल्या मजकुरासाठी, सामायिक हेतू दिसत नसेल तर, ग्रुपच्या ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही. कायद्याच्या दृष्टीने हे ठीक आहे. पण चळवळीतली जबाबदारी कायद्याच्या जबाबदारीपुढे जाते. ज्याने ग्रुप उघडला त्याने आत कोण आहे हे ओळखले पाहिजे. एका ग्रुपची सभासदमर्यादा २०२२मध्ये १०२४ झाली. हजार माणसांची जागा ही बैठक होऊच शकत नाही; ती सभा आहे. तिथे बोललेले गावात ऐकू जाणार, हे धरूनच तिथे बोलावे.

६

मग करायचे काय? इतिहास नियम देत नाही, दिशा देतो. महाडपासून पँथरपर्यंतचा अनुभव ताडून पाहिला तर काही गोष्टी हाती लागतात.

अत्याचारग्रस्ताचे नाव, तिचा पत्ता, साक्षीदार कोण, तक्रार द्यायला आलेल्या मुलाचे वसतिगृह कोणते, कोणत्या गावात कोणी वर्गणी दिली, या गोष्टी आतल्या. त्या मोठ्या ग्रुपवर तर नाहीतच, शक्य तर फोनवरही नकोत. समोरासमोर बसून बोलण्याला अजून पर्याय सापडलेला नाही. कच्चा विचार, आपसातली शंका, नेत्यावरची टीका याही पहिल्यांदा आत बोलाव्यात. पण त्यासाठी आत खरीखुरी जागा हवी. टीका करणाऱ्याला ग्रुपमधून काढून टाकले, की तो चव्हाट्यावर जातो, आणि मग त्याला दोष देता येत नाही.

ठराव, त्यामागचे कारण, कोणाशी हातमिळवणी केली, किती पैसा आला आणि कुठे गेला, या गोष्टी बाहेरच्या. ‘बहिष्कृत भारत’ पैशाअभावी धापा टाकत होते, तेव्हा बाबासाहेबांनी पत्राची ओढाताण अग्रलेखातून वाचकांपुढे मांडली होती. पुढारी हिशेब देतो तेव्हा तो लहान होत नाही. हिशेब न देणारी आतली खोली हळूहळू चावडी बनते, आणि तिच्या पायरीखाली पुन्हा आपलीच माणसे उभी राहतात. ही सगळ्यांत मोठी भीती आहे. चावडीशी लढून आपण आपल्या घरात नवी चावडी बांधू नये.

तिसरी गोष्ट, आतून बाहेर येण्याची वाट ठरलेली असावी. रात्रीची बैठक झाली की दुसऱ्या दिवशी कोण उभे राहणार आणि काय सांगणार, हे महाडला ठरलेले होते. आपल्या ग्रुपमध्ये हे कोण करते? आतल्या बैठकीत जे ठरले त्यातले बाहेर सांगण्यासारखे किती, हे त्याच बैठकीत ठरवावे आणि ते एका माणसाने, आपल्या नावाने, सर्वांपुढे सांगावे. आणि ज्यांना आत बसायला जागा नव्हती त्यांना विचारण्याचा हक्क असावा, विशेषतः बायकांना. त्यांच्या वेगळ्या ग्रुपमध्ये जे बोलले जाते ते मुख्य बैठकीत येत नसेल, तर तो ग्रुप म्हणजे मागल्या दाराचे अंगण झाले.

तक्क्याला दार असावे आणि ते आपल्याला आतून उघडता यावे, एवढीच ही मागणी. बंद दारामागे आपल्या माणसाचा जीव राखायचा, आणि उघड्या दारातून आपल्या कामाचा हिशेब द्यायचा. पुढच्या वेळी फोनवर बोट ठेवण्याआधी कार्यकर्त्याने स्वतःला एवढेच विचारावे : हे बाहेर गेले तर कोणाचे घर जळेल? आणि हे आतच राहिले तर कोणाचा विश्वास जळेल?